बांधावरचं वैर

लोक बाग करतात ती घरापुढे, सारवलेल्या अंगणात, तुळशीच्या आसपास. मी केली ती अशा जागी, जिथे पाय ठेवायलाही घरची बंदी होती. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आज तर मुळीच वाटत नाही. ज्यांना वाटायची, ते सगळे गहू पिकवणारे पुरुष होते आणि त्यांना कुठल्याच फुलाचं नाव धड येत नव्हतं.

तापीकाठी, सारंगखेड्याहून दोन कोसांवर आमचं गाव. मी तिथे सून म्हणून आले ती चौदाव्या वर्षी. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. मागे दोन भाऊ, थोरले माझे जेठ आणि धाकटे माझे मालक. सासरे गेल्यावर वर्षाच्या आत दोघांनी घर वाटून घेतलं, बैल वाटून घेतले, आणि नदीकडचं काळं वावर वाटताना बिनसलं. जेठ म्हणाले, धाकट्यानं खुणेचा दगड सरकवला. मालक म्हणाले, थोरल्यानंच सरकवला. खरं कोणाचं ते देव जाणे. शेवटी दोघांनी आपापल्या मनानं हद्द धरली आणि मध्ये सहा हात रुंदीची पट्टी उरली, वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकानं तिच्यात नांगर घातला असता तर दुसरा काठी घेऊन धावला असता, म्हणून दोघंही तिच्यापासून लांब राहत. तिच्यातलं गवतसुद्धा कोणी कापत नसे. बांध म्हणजे खरं तर हातभर असतो, पण या पट्टीलाच सगळे बांध म्हणायचे.

भावांची बोलाचाली बंद, म्हणून आम्हा जावांचीही बंद. थोरली जाऊ माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी होती. मालकांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "तिन्हासंगे येक शब्द बोलू नको." नदीवर तिची घागर भरेपर्यंत मी वर उभी राहायची आणि माझी भरेपर्यंत ती. ती माझ्याकडे पाहायची नाही, मी तिच्याकडे पाहायची नाही, तरी दोघींना एकमेकींच्या लुगड्याचं ठिगळन् ठिगळ पाठ होतं.

माझं माहेर अक्कलकुव्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. वडील जंगलखात्यात नाकेदार होते. होळी जवळ आली की आमच्या घरामागचा डोंगर पळसानं पेटायचा, पांगारा फुलायचा, ओढ्याच्या काठी धायटीच्या झुडपांना लालभडक तुरे यायचे. बाजाराला डिंक आणि मोह घेऊन येणाऱ्या डोंगरातल्या बाया डोक्यात काहीतरी खोवून यायच्या आणि मी विचारलं की नाव सांगायच्या, कशावर औषध तेही सांगायच्या. मी तिथून आले ती या सपाटीला. इथे शेत म्हणजे काय, तर जिथे पेरल्याशिवाय काडी उगवू द्यायची नाही. सून चांगली की वाईट हे तिच्या निंदणीवरून ठरायचं. माझा हात निंदणीत चांगला होता, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर लोक म्हणतील, आळशी होती म्हणून तण आवडायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या फाल्गुनात मी न्याहारीचं टोपलं डोक्यावर घेऊन वावरात गेले आणि बांध पाहून थांबले. त्या सहा हातांत काय नव्हतं! पिवळा धोतरा उभा, अंगभर काटे आणि फूल मात्र रेशमाचं. जमिनीला चिकटून भुईरिंगणीची जांभळी फुलं. उंटकटाऱ्याचे निळसर गोंडे कमरेइतके उंच. तरवड पिवळाधमक, रुईला मुंग्या लागलेल्या, आणि खाली सगळीकडे एकदांडी. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू, सरळ, शहाणा, एकाच रंगाचा, आणि मध्ये हा सगळा आगाऊपणा. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो मी तिथे डोळ्यांनी पाहिला. सासरी आल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले आणि मालकांनी विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. रानफुलांची बाग करणं म्हणजे निंदणीचं उलटं काम. हरळी आणि कुंदा तेवढा काढायचा, कारण ते दुसऱ्या कोणाला जगू देत नाहीत. बाकीच्यांना जागा करून द्यायची. धोतऱ्याची बोंडं तडकण्याआधी खुडायची, नाहीतर तो सगळा बांध गिळेल आणि मग गव्हातही शिरेल. मी ती न चुकता खुडली. माझं एक बी कोणाच्या पिकात गेलं नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. पाणी मी पाटाचं घेतलं नाही. न्याहारीसोबत नेलेल्या घागरीत उरेल ते घालायचं, आणि उरावं म्हणून मी मोठी घागर नेऊ लागले.

माहेरी गेले तेव्हा येताना धायटीची तीन रोपं आणली, मुळांना ओलं फडकं गुंडाळून. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळं तोडते, हे मला ठाऊक होतं. म्हणून हातभर खड्डे केले, ओच्यात मुरूम भरून नेला आणि त्यात रोपं लावली. वर पळसाच्या पानांची सावली केली. दोन मेली. एक जगलं. आता ते सहा हातांच्या मधोमध लावायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. ते हातभर जेठांच्या बाजूला गेलं.

त्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी मला बांधावर एक अनोळखी रोप दिसलं. सदाफुली. घरच्या अंगणातली, गुलाबी, केस विंचरून बसलेल्या पोरीसारखी. भोवती खडे मांडलेले, माती ओली. न्याहारी घेऊन जेठांच्या बाजूनं कोण येतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. मला असा राग आला! माझा बांध, माझं धायटीचं रोप, आणि ही बाई त्यात अंगणातली फुलं आणून लावते! मी सदाफुली उपटली आणि तिच्या हद्दीत फेकली. दुसऱ्या दिवशी ती परत त्याच जागी. मी पुन्हा उपटली. तिसऱ्या दिवशी सदाफुली होतीच, शिवाय माझा सगळ्यात मोठा धोतरा मुळासकट गायब. महिनाभर असं चाललं. एक शब्द न बोलता आम्ही एवढं भांडलो की आमचे नवरे आमच्यापुढे लेकरं वाटावीत.

मग पहिल्या बाळंतपणासाठी मी संक्रांतीआधी माहेरी गेले आणि चैत्र लागल्यावर परतले. तीन महिने पाणी नाही. आता बांधावर रुईशिवाय काही नसणार, अशी मनाची तयारी करूनच वावरात गेले. धायटी फुलली होती. खोडापासून शेंड्यापर्यंत लाल. बुंध्याशी पाणी धरायला आळं केलेलं होतं, आणि ते मी केलेलं नव्हतं. हरळी निघालेली, धोतऱ्याची बोंडं खुडलेली. मला रडू आलं. राग यायच्या ऐवजी रडू आलं, याचाच मग राग आला. मी घागरीतलं सगळं पाणी सदाफुलीला घातलं आणि घरी गेले. चार दिवसांनी रुईच्या फांदीला चिंधी बांधलेली दिसली. आत गुलबासाच्या बिया होत्या.

हे असंच चाललं असतं, पण त्याच्या पुढच्या फाल्गुनात मालकांना बांध दिसला. इतकी वर्षं तिथून जात होते, पण सदाफुलीचा ताटवा त्यांच्या हद्दीच्या इतका जवळ आला तेव्हाच त्यांना तो दिसला. आमच्याकडे दुसऱ्याची जमीन कोरायची एक जुनी रीत आहे. बांधावर निवडुंगाचं टिपरं लावायचं आणि दरवर्षी वीतभर पुढे. दहा वर्षांनी कुंपण पलीकडच्याच्या वावरात उभं. त्यामुळे ज्या माणसानं आयुष्यात फूल पाहिलं नाही, त्याला सदाफुली म्हणजे भावाचा कावा वाटला. "दख, कसा सरकी ऱ्हायना तो!" असं म्हणत ते गावच्या पाटलांकडे गेले. तिथे जेठ आधीच बसलेले होते. त्यांना त्यांच्या बाजूला गेलेली धायटी दिसली होती.

पाटील दोघांना घेऊन बांधावर आले. जेठ घोडीवरून आले, मालक पायी. मी न्याहारी घेऊन तिथेच होते, आणि पलीकडे जाऊही होती. दोघींचे पदर हनुवटीपर्यंत ओढलेले. भाऊ एकमेकांपासून चार हातांवर उभे राहून पाटलांमार्फत बोलत होते. "त्याले सांगा, मी जिवत शे तवलोंग येक बोट जमीन देनार नही." "त्याले सांगा, माले त्यानी जमीन फुकटबी नको." पाटलांनी मान इकडून तिकडे वळवून वळवून कंटाळून विचारलं, "पन ह्या फुले लायात कोनी?"

जेठांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, अशी आमच्यात रीत. मी पदराआडून म्हटलं, "मी लायात."

पलीकडच्या पदराआडून आवाज आला, "आनि मी."

कोणी विश्वास ठेवला नाही. मालक म्हणाले, तिला थोरल्यानं शिकवलं. जेठ म्हणाले, हिला धाकट्यानं. फुलं लावायची म्हणून बाई फुलं लावते, हे तिघा शहाण्या पुरुषांच्या डोक्यात शिरेना. पाटलांनी निवाडा दिला. दोघांनी आपापल्या बाजूनं तीन-तीन हात नांगरायचं आणि मधोमध दगड रोवायचे. उद्याच. भाऊ लगेच कबूल झाले. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही फुलं उपटण्यावर.

सकाळी बैल जुंपून ते आले तेव्हा मी मूल मांडीवर घेऊन बांधावर बसले होते. ठरवून नाही. घरी चूल पेटवायला बसले आणि हात चालेनात, म्हणून उठून आले. मालक ओरडले, ऊठ म्हणून. मी उठले नाही. घरी ये मग दाखवतो, म्हणाले. मी म्हटलं, दाखवा. तेवढ्यात जाऊ पलीकडून चालत आली, लुगडं सावरून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "सरक जराशी. मन्ही सदाफुलीवर बठनी तू."

पाच वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते हे. मी सरकले.

मग आम्ही थांबलोच नाही. तिनं माझं पोर घेतलं, त्याचे दात मोजले. मी तिला विचारलं, माझा मोठा धोतरा कुठे टाकला होता. ती म्हणाली, "चुल्हामा. मस्त बळना." माझा धोतरा तिनं चुलीत जाळला होता! आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसलो. ऊन वर चढलं. बैल माश्या हाकत उभे. दोन्ही भाऊ आपापल्या कडेला बसलेले, उठवायला जावं तर भावाच्या बायकोच्या अंगाला हात लागेल म्हणून कोणी पुढे येईना. दोन्ही घरांत चूल पेटली नव्हती आणि दुपारी दोघांच्या पोटात कावळे ओरडू लागले. शेवटी जेठांनी जमिनीकडे बघत, कोणाचं नाव न घेता विचारलं, "तुन्हा घर भाकर शे का रे?"

मालक म्हणाले, "कोठली भाकर? करनारी आठे बठेल शे."

जेठ हसले. मग मालक हसले. बैल सोडून दोघं नदीकडे गेले, वाळूतल्या कोणाच्या तरी वाडीत बसून टरबुजं खाल्ली आणि दिवस कलल्यावर अंगरख्यावर लाल डाग घेऊन, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून परत आले. पाटीलही मागोमाग आले. गावातली माणसं गोळा झाली. सगळे आमची तारीफ करू लागले, की बायकांनी भाऊ जोडले. आम्हाला भाऊ जोडायला कोणी सांगितलं होतं? आम्ही बांधासाठी बसलो होतो.

आणि जेठ खूश होऊन म्हणाले, "मिटनं सगळं. आते बांध कशाले? उद्या दोन्ही जोड्या लायीसन येकच वावर करी टाकू."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. दिवसभर बसून आम्ही हेच केलं होतं. भांडणानं जे पाच वर्षं राखलं, ते समेटानं एका टरबुजात जाणार होतं. लोक हसत होते, आणि मला त्या क्षणी त्या दोघा भावांचा इतका संताप आला की त्यांनी पुन्हा एकमेकांची डोकी फोडावीत असं वाटलं. खरंच वाटलं. मी ते आज नाकारत नाही.

तेवढ्यात जाऊ उठली. तिनं माझ्या हाताला एवढा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं, आणि गावापुढे ओरडली, "मन्ही सदाफुली मोडी टाकी हिनी! हिन्हासंगे येक वावर? मन्हा जीव गया तरी नही!"

चिमटा कशासाठी होता ते मला कळलं. मी पोर कडेवर घेतलं आणि तिच्याहून मोठ्यानं ओरडले, "तुन्ही सदाफुली तुन्हा डोकावर लाव! मन्ही हद्दमा पाय टाक, मंग दखाडस तुले!"

आम्ही काय भांडलो! पाच वर्षं न बोलल्याचं सगळं त्यात निघालं. तिनं माझ्या माहेराचा उद्धार केला, मी तिच्या स्वयंपाकाचा. पाटील दोन पावलं मागे सरले. बायका एकमेकींच्या झिंज्या धरणार असतील तर एका वावरात दोन घरं नांदत नाहीत, हे आमच्याकडच्या कुठल्याही पुरुषाला सांगावं लागत नाही. जेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तो बांध." भावांनी आपली बोलाचाली चालू ठेवली, एकमेकांकडे जाऊ-येऊ लागले. बांध राहिला.

त्यानंतर आठ वर्षं आम्ही वैरिणी होतो. नदीवर भांडायचो, कांडणाला भांडायचो, लग्नघरात पंगतीत एकमेकींकडे पाठ करून बसायचो. गावातल्या बायका आम्हाला मिटवायला यायच्या आणि हात टेकून परत जायच्या. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की आम्ही दोघी बांधावर. ती गुलबासाच्या बिया सुकवायची, मी धायटीची फांदी दगडाखाली दाबून नवी रोपं करायची. तिला उंटकटारा आधी आवडायचा नाही, मग आवडायला लागला. मला सदाफुली शेवटपर्यंत फारशी आवडली नाही आणि मी तिला तसं सांगायची. पण हे फुकट मिळालं नाही. तिच्या लेकीची हळद झाली तेव्हा मी माझ्या घरात बसून वाजंत्री ऐकली. त्या पोरीच्या केसांत माळायला बांधावरची फुलं मीच तोडून दिली होती, आणि ती कोणी दिली हे तिला सांगायची सोय नव्हती.

नवव्या फाल्गुनात तिला ताप भरला. तीन दिवसांचा. वैरीण म्हणून मला कोणी बोलावलं नाही, आणि गेले असते तर सगळं उघडं पडलं असतं. चौथ्या दिवशी तिला नेलं. मी ओट्याच्या कडेला उभी होते. बाया माझ्याकडे बघत होत्या, ही आता तरी रडते का म्हणून.

तेराव्याला दोन्ही घरं एका अंगणात जेवली. हात धुऊन झाल्यावर मालक जेठांना म्हणाले, आता तो बांध ठेवून काय करायचं, पाडवा झाला की नांगरून टाकू. ओसरीवरची एक म्हातारी मला म्हणाली, "मेल्या माणूससंगे काय वैर ठेवस वं माय? सोडी दे आते."

मी उठले. पदर खाली ओढला नाही. जेठांसमोर, सगळ्या पंगतीसमोर, जेवढ्या जोरात बोलता येईल तेवढ्या जोरात म्हटलं, "ती मरनी. भांडन नही मरनं. तिन्हा वाटाना बांधले जो हात लाई, त्याना नांगर मी नदीमा फेकसू."

बाया कानावर हात ठेवू लागल्या. कोणीतरी मला चांडाळीण म्हणालं. मी त्या अंगणात सगळ्यांच्या नजरा घेत उभी राहिले आणि रडले नाही. रडले असते तर बांध गेला असता.